बाळंतविड्याचं टोपडं आणि पायमोजे : काठ, माप, धागा

सुलटउलट

बाळंतविड्यातल्या लोकरीच्या वस्तूंपैकी सगळ्यात जास्त वाया जातं ते टोपडं. वीण सुबक असते, रंग गोड असतो, पण डोक्यावरून खाली उतरत नाही. किंवा उतरलं तर तासाभरात बाळाच्या कपाळावर लाल वळ उमटतो. मग आजी ते कौतुकानं घडी घालून कपाटात ठेवते आणि बाळाला बाजारचं होजिअरीचं टोपडं घालते. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं : काठ ताणला जात नाही. आपण सगळा जीव मधल्या नक्षीत ओततो आणि टाके घालण्याचं काम उरकून टाकतो. म्हणून चर्चेचा हा धागा काठापासून सुरू करते आहे.

दोन पदरांनी अंगठ्यावर टाके घालायची आपली नेहमीची पद्धत ताणायला चांगली आहे, फक्त दोन टाक्यांमध्ये जागा सोडायला हवी. प्रत्येक टाका ओढून घेताना उजव्या हाताची तर्जनी आधीच्या टाक्याला टेकवून ठेवा, म्हणजे नवा टाका त्याला चिकटत नाही. शेपटीचा धागा काठाच्या लांबीच्या तिप्पट सोडा आणि वर वीतभर जास्त. सगळे टाके घालून झाले की काठ दोन्ही हातांनी ओढून बघा. विणलेलं कापड जेवढं ताणलं जाईल तेवढा काठही ताणला गेला पाहिजे. जात नसेल तर उसवा. पुढच्या शंभर ओळी विणूनही तो सैल होणार नाही.

आता माप. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३७ सेंमी असतो. टोपडं त्याहून ३-४ सेंमी कमी घेराचं हवं, म्हणजे ते धरून बसतं. फोर प्लाय (बारीक, चार पदरी) लोकर आणि १० नंबरच्या सुया (३.२५ मिमी) घेतल्या तर १० सेंमीत सर्वसाधारणपणे २८ टाके येतात. ८८ टाक्यांचा घेर ३१ सेंमीच्या थोडा वर जातो. दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवण घालायची असेल तर ९० टाके घाला, कडेचा एकेक टाका शिवणीत जातो.

२ सुलट २ उलट असा काठ ३ सेंमी. शेवटी २ सुलट येतील, ते बरोबरच आहे. शिवल्यावर दोन्ही कडांचे मिळून २ सुलटच दिसतात आणि शिवण सापडत नाही. त्यानंतर एक ओळ सुलट एक ओळ उलट, सुरुवातीपासून एकूण १० सेंमी होईपर्यंत. मग घटवायला सुरुवात : १ सुलट, मग (९ सुलट, २ एकत्र) असं ८ वेळा, शेवटी १ सुलट. २ एकत्र म्हणजे दोन टाके एकदम विणून त्यांचा एक करायचा. उलटची ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत ८ सुलट आणि २ एकत्र, त्यापुढे ७ आणि २, असं करत सुईवर १० टाके राहतात. धागा तोडून लोकरीच्या सुईत ओवा, दहाही टाक्यांतून दोनदा फिरवा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्यानं मागची शिवण घाला.

हे आकडे माझ्या हाताचे नाहीत, फोर प्लायचे सर्वसाधारण आहेत. तुमचा हात घट्ट असेल तर १० सेंमीत ३१ टाके येतील आणि टोपडं बाहुलीचं होईल. म्हणून आधी १४-१५ सेंमीचा चौकोन विणा आणि कडा सोडून मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. नमुना विणण्यात वेळ जातो म्हणून तो टाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : छोट्या वस्तूत चार टाक्यांचा फरकही लपत नाही. मोठ्या माणसाच्या स्वेटरमध्ये तो खपून जातो.

क्रोशेवाल्यांनीही लिहा. मला दोन्ही येतं, पण मन सुयांकडे ओढलेलं आहे.

गोदाकाठ

छान लिहिलंस गं. आमच्याकडे नाशकात दिवाळीनंतर थंडी चांगलीच बोचते, त्यामुळे टोपडी हमखास वापरली जातात. एक विचारते. आमच्या आईची पद्धत अशी, की टाके ८ नंबरच्या जाड सुईवर घालायचे आणि पहिली ओळ विणताना १० नंबरवर घ्यायचे. त्यानं काठ सैल राहतो. हे तू लिहिलं नाहीस.

सुलटउलट

गोदाकाठ, ही पद्धत घरोघरी आहे आणि काही हातांना तिचा उपयोग होतो. पण जाड सुईनं नक्की काय मोठं होतं ते बघ. सुईवरचा फास मोठा होतो, म्हणजे टाका उंच होतो. काठाचा ताण मात्र फासात नसतो, तो दोन टाक्यांच्या मधल्या आडव्या धाग्यात असतो. तो आडवा धागा आखूड राहिला तर सुई कितीही जाड घेतली तरी काठ ताणत नाही, उलट पहिली ओळ ढगळ दिसते. एकदा २० टाके जाड सुईवर घाल आणि २० टाके नेहमीच्या सुईवर पण बोटभर अंतर ठेवून. दोन्ही ओढून बघ.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहते. सुयांच्या नंबरांबद्दल इथे स्पष्ट लिहायला हवं, कारण इकडून नमुने वाचणारे बरेच आहेत. भारतातले जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकेत नेमकं उलट, आकडा वाढला की सुई जाड. इथली ८ नंबरची सुई ५ मिमीची असते, आणि तुमची १० नंबरची इथे ३ नंबर म्हणून मिळते. म्हणून नमुना उतरवून घेताना नंबर लिहूच नका, मिमी लिहा.

क्रोशेत तर याहून मोठा घोळ आहे. अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. ओळखायची सोपी खूण अशी : नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे लिहिलेलं दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

पणजीकर

म्हणूनच आपलं मुका खांब, अर्धा खांब, खांब, लांब खांब हे बरं. अमेरिकन सिंगल म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला साधा खांब, असं धरून चाला. मी पुढे याच नावांनी लिहीन.

चिमणचारा

मी नवीन आहे. सुया जमत नाहीत, क्रोशे दोन महिन्यांपूर्वी व्हिडिओ बघून शिकले. बहिणीचं बाळ जानेवारीत येणार आहे. गोल टोपी वरून सुरू केली, पण कधी तिला झालर सुटते, तर कधी सुरुवातीलाच वाटीसारखी वळते. टाके किती वाढवायचे ते कसं ठरवायचं? आणि टोपी किती मोठी झाली की वाढवणं थांबवायचं?

पणजीकर

चिमणचारा, अभिनंदन. हे गणित एकदा कळलं की टोपी, बाहुली, कोस्टर, ताटाभोवतीची महिरप, सगळं त्यातूनच निघतं.

मुक्या खांबांचं सपाट वर्तुळ दर फेरीला ६ नं वाढतं. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून मिटवता येणाऱ्या धाग्याच्या फासात, ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात २, झाले १२. तिसरीत एक सोडून एकात २, झाले १८. चौथीत दोन सोडून तिसऱ्यात २, झाले २४. असंच पुढे. साध्या खांबांचं वर्तुळ करायचं तर रिंगमध्ये १२ आणि दर फेरीला १२ ची वाढ, कारण खांब मुक्या खांबापेक्षा बराच उंच असतो. उंची वाढली की त्या फेरीचा परीघही वाढतो, आणि तो भरायला जास्त टाके लागतात. झालर सुटते आहे म्हणजे वाढ जास्त होते आहे. वाटी होते आहे म्हणजे वाढ कमी पडते आहे, किंवा हात फार घट्ट आहे. टाके मोजून बरोबर आले आणि तरी वाटी झाली, तर सुई अर्ध्या मिमीनं जाड घ्या.

थांबायचं कुठे? टोपीचा घेर भागिले ३.१४. घेर ३१-३२ सेंमी हवा असेल तर वर्तुळ १० सेंमी रुंद झालं की वाढ थांबवा आणि पुढे नुसत्या सरळ फेऱ्या घ्या. माप घेताना वर्तुळ टेबलावर सपाट ठेवा, ओढू नका.

आणखी दोन गोष्टी. वाढीचे टाके प्रत्येक फेरीत एकावर एक आले तर वर्तुळ षटकोनी दिसतं. म्हणून एक फेरी सोडून पुढच्या फेरीत सुरुवातीचे दोन-तीन टाके साधे घेऊन वाढ पुढे सरकवा. आणि फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा, नाहीतर न जोडता सलग गोल फिरत जाणाऱ्या फेऱ्यांत सुरुवात कुठे होती ते कुणालाच सांगता येत नाही.

क्रोशेची वीण सुयांच्या विणीइतकी ताणत नाही, त्यामुळे वरचा काठाचा मुद्दा इथे दुप्पट लागू. शेवटच्या दोन फेऱ्या अर्ध्या खांबांच्या आणि फक्त मागच्या पदरातून घ्या, थोडी लवचीकता येते.

दर्यावर्दी

आमच्या रत्नागिरीकडे लोकरीचं टोपडं घालून बाळ घामेजून जातं. डिसेंबरातल्या पहाटेपुरतं ठीक, एरवी नाही. त्यामुळे बाळंतविडा मी पूर्ण सुती धाग्यात करते. पण तुम्ही सांगितलेले ८८ टाके सुती धाग्यात घातले तर टोपडं चार दिवसांत पसरतं. लोकर ओढून सोडली की पुन्हा मिटते, सुताला ती उसळी नाही. माझा तोडगा : काठाची सुई २ नंबरनं बारीक घ्यायची (म्हणजे १२ नंबर), काठ ३ ऐवजी ४ सेंमी करायचा आणि एकूण टाके ८० वर आणायचे. ८ नं भाग जातो, त्यामुळे घटवण्याचं गणित तसंच राहतं, फक्त ८ सुलट २ एकत्र पासून सुरुवात.

सुती धागा जड असतो हेही ध्यानात ठेवा. त्याच मापाचं टोपडं हातात घेतलं तरी फरक कळतो. जाळीची नक्षी घेतली तर वजनही कमी होतं आणि हवाही खेळते.

सुलटउलट

दर्यावर्दी, हे फार मोलाचं. सपाट विणणाऱ्यांनी ८० चे ८२ करायला विसरू नका. आपल्या राज्यात एकच नमुना सगळीकडे चालत नाही, महाबळेश्वरच्या बाळाचं टोपडं मालवणच्या बाळाला कशाला?

बाळकक्ष

मी नवजात विभागात परिचारिका आहे. तुमचं काम सुंदर आहे, म्हणून चार गोष्टी आग्रहानं सांगते.

टोपड्याला हनुवटीखाली बांधायच्या लांब नाड्या लावू नका. काठ नीट असेल तर नाडीची गरजच पडत नाही. मणी, मोती, टिकल्या, बटणं बाळाच्या तोंडात जाऊ शकतात, कितीही घट्ट शिवली तरी. नक्षी हवी तर धाग्यानंच भरा.

मोज्यांची आतली बाजू तपासा. दोन रंगांच्या विणीत आतून जे आडवे मोकळे धागे राहतात, त्यात बाळाचं बोट अडकतं आणि धागा बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा थांबतो. मोजा देण्याआधी उलटा करून आत स्वतःचं बोट फिरवा. काहीही अडकता कामा नये.

जन्मानंतर लगेच टोपडं आवश्यक असतं, कारण बाळाची बरीच उष्णता डोक्यातून जाते. पण घरात, ऊबदार खोलीत झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर जाड टोपडं ठेवू नका. ते अंगाची गरमी वाढवतं आणि सरकून तोंडावरही येऊ शकतं.

शेवटचं शेक-शेगडीबद्दल. अजून कित्येक घरांत न्हाऊमाखू झाल्यावर बाळाला धुरी देतात. मुळात तो धूर बाळाच्या फुप्फुसांना चांगला नाही. पण ज्या घरात निखारे असतात, तिथे अ‍ॅक्रिलिकचं काहीही बाळाच्या अंगावर नको. अ‍ॅक्रिलिक पेट घेतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं.

गोदाकाठ

बाळकक्ष, धुरीचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. पण दुकानदार सगळ्यालाच लोकर म्हणतो. वेष्टनावर बारीक अक्षरात काहीतरी असतं, आणि सुटा गुंडा घेतला तर तेही नाही. ओळखायचं कसं?

सुलटउलट

वेष्टन असेल तर त्यावर घटक वाचायचे. लुधियानाहून येणाऱ्या आणि आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या गुंड्यांत अ‍ॅक्रिलिकचं प्रमाण मोठं आहे. वेष्टन नसेल तर दोन बोटं लांबीचा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, जाळून बघायचा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती बहुधा आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि मागे काळा टणक मणी राहतो. सुताला जळक्या कागदाचा वास आणि मऊ करडी राख.

अ‍ॅक्रिलिक वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. ते आटत नाही, मशिनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, आणि ज्या घरात दिवसातून दहा कपडे धुवावे लागतात तिथे हे गुण मोठे आहेत. फक्त इस्त्री लावू नका. गरम इस्त्री टेकली की अ‍ॅक्रिलिकच्या विणीचा जीव जातो, ती कायमची लुळी पडते आणि काठाचा ताण संपतो.

मावळतीचा_वारा

दोन सुयांवर विणायचे पायमोजे कुणी नीट सांगेल का? पाच सुयांचा संच माझ्याकडे नाही. मी बायकोबरोबर शिकतो आहे, टोपडं तिच्याकडे आणि मोजे माझ्याकडे अशी वाटणी आहे. उलट सुलट पक्कं आहे.

सुलटउलट

मावळतीचा वारा, तुम्हा दोघांनाही शाबासकी. मोज्यांचा हा नमुना १२ च्या पाढ्यात बसवलेला आहे, त्यामुळे लक्षात राहतो. तीच फोर प्लाय, तीच १० नंबरची सुई.

३६ टाके सैल काठानं घाला. १ सुलट १ उलट असं ५ सेंमी. मग नाडीच्या भोकांची ओळ : १ सुलट, (धागा पुढे, २ एकत्र) असं ओळभर, शेवटी १ सुलट. टाके मोजा, ३६ च यायला हवेत. परतीची ओळ साधी उलट.

आता पावलाचा वरचा भाग. २४ टाके विणा आणि डाव्या सुईवरचे १२ तसेच सोडून उलटा फिरा. १२ विणा, पुन्हा फिरा. आता हे मधले १२ टाकेच पुढेमागे विणायचे, सगळ्या ओळी सुलट, २४ ओळी. सुलट-सुलट विणीत दोन ओळींची मिळून एक उभार धार दिसते, म्हणजे १२ धारा होतील. धागा तोडा.

सुलट बाजू समोर धरा. उजवीकडचे १२ टाके सुईवर आहेत. त्यांच्या शेवटी नवा धागा जोडा आणि या पट्टीच्या उजव्या कडेवरून १२ टाके उचला, प्रत्येक धारेला एक. मग पट्टीचे १२ विणा, डाव्या कडेवरून १२ उचला आणि डावीकडचे राहिलेले १२ विणा. सुरुवातीचे १२ परतीच्या ओळीत विणले जातील. सुईवर आता ६० टाके. पट्टी आणि बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यात भोक पडतं, म्हणून तिथे एक टाका जास्त उचला आणि पुढच्या ओळीत शेजारच्याबरोबर एकत्र विणून टाका.

१२ ओळी सगळ्या सुलट. ही पावलाची उंची झाली. नंतर तळवा : एक ओळ सोडून एक अशा ४ ओळींत, दोन्ही टोकांना टाचेपाशी २ एकत्र आणि मधल्या १२ टाक्यांच्या दोन्ही बाजूंना २ एकत्र, म्हणजे दर वेळी ४ कमी. शेवटी ४४ राहतील. सैल हातानं बंद करा. तळव्याची आणि मागची शिवण सपाट घाला, जाड शिवण बाळाच्या टाचेला टोचते. पाऊल साधारण ९ सेंमीचं होतं, पहिले तीन महिने पुरतं.

दुसरा मोजा त्याच बैठकीत सुरू करा. दोन दिवस मध्ये गेले की हाताचा ताण बदलतो आणि जोडी जमत नाही.

बाळकक्ष

भोकांतून नाडी ओवाल तर विणलेली, आखूड, आणि मागे एका टाक्यानं शिवून टाकलेली. निसटून हातात यायला नको.

मावळतीचा_वारा

सुलटउलटताई, फार आभार. २४ आणि १२ ची गंमत समजली. पावलाच्या मध्येच एखादा टाका सुटून आठ ओळी खाली गेला तर?

गोदाकाठ

घाबरू नका, सुई खाली ठेवा आणि काम ओढू नका. क्रोशेची बारीक सुई सुटलेल्या फासात समोरून घाला. वर जी आडव्या धाग्यांची शिडी दिसते, तिची सगळ्यात खालची पायरी सुईच्या आकड्यात पकडा आणि फासातून ओढून घ्या. एकेक पायरी वर चढत या. सुलट-सुलट विणीत एक पायरी समोरून आणि पुढची मागून घ्यावी लागते, तेवढं लक्ष ठेवा.

पणजीकर

धाग्याच्या विषयाला थोडं सोडून आहे, पण लिहितोच. सुयांची वीण यंत्रावर होते, अंगातला टीशर्ट हे त्याचंच रूप. खरा क्रोशे मात्र आजही यंत्रावर होत नाही. यंत्र त्याची नक्कल काढतं, पण एकेक फास पूर्ण करून पुढे जाणारा खांब हातानंच घालावा लागतो. म्हणजे दुकानात तीनशे रुपयांना मिळणारा खऱ्या क्रोशाचा रुमाल कुणीतरी बसून, तास घालून केलेला आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात बायकांनी क्रोशाची लेस विणून घरं तगवली. आंध्रातल्या नरसापूरच्या भागात मिशनऱ्यांनी शिकवलेली लेस आजही हजारो बायका घरी बसून करतात, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत अल्तारावरच्या कापडाला क्रोशाचे काठ लावायची रीत आहे. त्यामुळे कुणी बाळंतविड्याची ऑर्डर घेत असेल तर नुसता लोकरीचा खर्च सांगू नका. तासांचे पैसे लावा. 'घरीच तर बसून करतेस' हे वाक्य मला सहन होत नाही.

दर्यावर्दी

शंभर टक्के. मी आता धाग्याचा खर्च वेगळा आणि मजुरी वेगळी असं लिहून देते. घासाघीस निम्म्यानं कमी झाली.

चिमणचारा

पणजीकर, वर्तुळ सपाट आलं! १० सेंमीला वाढ थांबवली आणि आता सरळ फेऱ्या चालू आहेत. शेवटचे दोन प्रश्न. धाग्याची टोकं कशी लपवायची? गाठ मारली तर चालेल का? आणि देण्याआधी धुवायचं का?

सुलटउलट

गाठ नको. बाळाच्या डोक्याला टोचते आणि धुण्यात सुटतेही. टोक निदान १५ सेंमीचं ठेव, लोकरीच्या बोथट सुईत ओव आणि आतल्या बाजूनं टाक्यांच्या पोटातून ५ सेंमी एका दिशेला ने. शेवटचा एक टाका सोडून त्याच वाटेनं परत आण, मग थोडं आडवं वळव. तीन दिशा झाल्या की ते निसटत नाही. कापायच्या आधी टोपी ताणून बघ, म्हणजे टोक आत ओढलं जाईल तेवढं जाऊ दे, आणि नंतरच काप.

धुवायचं नक्की. विणताना हाताचा घाम लागतो, आणि दुकानात गुंडा किती दिवस पडून होता कोण जाणे. कोमट पाणी, बाळाच्या कपड्यांचा सौम्य साबण, चोळणं नाही. खरी लोकर गरम पाण्यात घालून चोळली की आटून घट्ट नमदा होतो. पिळू नकोस, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाब. दोरीवर टांगलंस तर ओल्या वजनानं लांब होईल, म्हणून सावलीत सपाट, कोरड्या टॉवेलावर, आकार नीट करून वाळव. क्रोशेची टोपी वाळवताना आत हवा भरलेला छोटा फुगा ठेवलास तर वरचा भाग छान गोल राहतो, फुगा फार फुगवू नकोस.